बर्फाचं गिरमिट

“जड आहे ना? मग माल चांगलाच असणार.”

प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडून मिस्त्रींचा आवाज आला आणि माझी बोटं टाइपरायटरवर थांबली. शेठनी ते पार्टिशन माझ्यासाठी मुद्दाम घालून घेतलं होतं. लेथवरच्या माणसांची भाषा ऑफिसातल्या मुलीच्या कानावर पडू नये, असा त्यांचा सज्जन हेतू. पार्टिशन पाव इंच जाडीचं होतं आणि वरून उघडं. सहा महिन्यांत माझा त्या भाषेचा अभ्यास बराच पुढे गेला होता. फक्त ती बोलून बघायची संधी आली नव्हती.

“हे लाल म्हणजे हत्ती आहे हत्ती,” मिस्त्री सांगत होते. “आणि ते पिवळं बघा. शिलाई मशीनला यापेक्षा जास्त लोखंड लागतं.”

“हलकं आहे खरं,” दुसरा आवाज म्हणाला. तो माझ्या बाबांचा होता.

मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो तळमजल्यावरचा गाळा. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. शेठ मूळचे कच्छचे, पण जन्म मुलुंडमधलाच. त्यांच्याकडे जमिनीत भोकं पाडायचे लांबलचक पोलादी स्क्रू आणि त्यांची पाती बनत, कुंपणाच्या खांबांसाठी वगैरे. सुताराचं गिरमिट असतं ना, तसंच, फक्त माणसाच्या छातीएवढं. त्या मे महिन्यात कॅनडातल्या एका दुकानदाराकडून दोन खोकी आली. आत दोन गिरमिटं, एक लाल, एक पिवळं. दोन्हींच्या डोक्यावर पेट्रोलचं छोटं इंजिन, इंजिनाच्या दोन बाजूंना दोन मुठी आणि खाली पिळाचा स्क्रू. काम एकच, बर्फाला भोक पाडायचं. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक त्या गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, भोक पाडतात आणि भोकातून गळ सोडून मासे पकडतात.

हे मी पत्रातून वाचून सांगितलं.

“तळ्यावर चालत?” शेठनी विचारलं.

“हो.”

“आणि बर्फ तुटला तर?”

“पत्रात नाहीये.”

“नसणारच,” मिस्त्री म्हणाले. “जो आत गेला तो पत्र कशाला लिहील?”

दुकानदाराला यातल्या एका मशीनचे स्क्रू आणि पाती इथे बनवून घ्यायची होती. अशीच जोडी त्यानं लुधियानाच्या एका कारखान्याला आणि राजकोटच्या एका कारखान्यालाही पाठवली होती. तिघांनीही दोन्ही मशीनं चालवून बघायची, एक निवडायचं आणि तेच का निवडलं ते लिहून कळवायचं. ज्याचं कारण पटेल, त्याला काम. माणूस हुशार होता. आपल्या गिऱ्हाइकाला काय लागतं हे ज्याला कळतं, त्याच्याकडूनच त्याला माल हवा होता.

शेठनी ही परीक्षा बाबांवर सोपवली. “तुम्ही गिरणीतले फिटर, तुम्हाला मशीनची नजर आहे,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “हे काम आलं तर तुम्ही पर्मनंट. माझी जबान.”

बाबा परळच्या एका गिरणीत वीस वर्षं फिटर होते. गिरणी बंद पडली आणि दीड वर्ष ते घरी होते. घरी म्हणजे, रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुठेतरी जात आणि दुपारी परत येत. पहिले काही महिने आई ‘काय झालं?’ विचारायची. मग तिनं विचारणं सोडलं. नोकरी आधी मला लागली, टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर, या गाळ्यात. शेठनी एकदा सहज विचारलं, तुझे बाबा काय करतात, आणि पुढच्या सोमवारपासून बाबा रोजंदारीवर त्याच गाळ्यात. मुलीच्या वशिल्यानं बाप कामाला लागला, हे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. इतक्या काळजीनं बोललं नाही की रोज ऐकू यायचं.

गाळ्यात बाबा मला नावानं हाक मारत नसत. शेठ ‘बेटा’ म्हणायचे, मिस्त्री चेष्टेनं ‘मॅडम’. बाबा काहीच म्हणत नसत. त्यांना काही विचारायचं असलं की ते पार्टिशनवर दोनदा टकटक करत.

विचारायचं म्हणजे अर्थ. मी इंग्रजी शाळेतली. आमच्या बैठ्या चाळीत तशी मी एकटीच, त्यामुळे लहानपणापासून लोक कागद घेऊन दारात उभे. औषधाच्या बाटलीवरचं लेबल, मिक्सरचं गॅरंटी कार्ड, शेजारच्या काकूंच्या जावयाला दुबईहून आलेलं नोकरीचं पत्र. वाच आणि सांग. मी वाचायचे आणि सांगायचे, बाकी गप्प. शाळेत माझ्या इंग्रजीला हसतील म्हणून गप्प, चाळीत माझ्या मराठीला हसतील म्हणून गप्प. एवढं गप्प राहिलं की लोक आपल्याला फार हुशार समजतात, हे मला बऱ्याच लवकर कळलं होतं आणि त्याचा मी भरपूर फायदा घेत होते.

त्या संध्याकाळी बाबांनी आईला सगळी हकिगत सांगितली. आई मालवणकडची. ती पाटावर बसून कोलंबी सोलत होती.

“बर्फातला म्हावरा?” ती म्हणाली. “ता कोण खाता? वास मारता ता.”

आईच्या हिशेबात बर्फ आणि मासा एकत्र आले की एकच गोष्ट असते. बाजारात बसलेली बाई कालचा माल आज खपवतेय.

“अगं, मासा बर्फात नसतो,” बाबा म्हणाले. “खाली पाण्यात असतो. जिवंत. वर बर्फ असतो.”

“मगे फोडूक कित्याक व्हयो? उन्हाळ्यात आपोआप वितळतलो मां.”

बाबा माझ्याकडे बघू लागले. मी अभ्यासू चेहरा करून पुस्तिका चाळली. ती दोन्ही मशीनांबरोबर आलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत फोटोंची. “तोपर्यंत त्यांना धीर निघत नाही, असं आहे,” मी म्हणाले.

“मेल्यांका दुसरा काय काम नाय,” आई म्हणाली.

बाबा हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. मग एकदम थांबले आणि हळूच म्हणाले, “हे जमलं ना, तर पर्मनंट करणार आहेत.” आईनं मान वर केली नाही. पण कोलंबी तिच्या हातात होती तशीच राहिली, अर्धी सोललेली.

दोन दिवसांनी चाचणी होती. बर्फाच्या कारखान्यातून अख्खी लादी आली, हातगाडीवर, गोणपाटात गुंडाळलेली, वर लाकडाचा भुसा. सकाळचे अकरा वाजले होते आणि इस्टेटच्या आवारातलं डांबर चपलेला चिकटत होतं. चार माणसांनी लादी उतरवून विटांवर आडवी ठेवली. लगेच तिच्या चारी बाजूंनी पाणी गळायला लागलं.

“लवकर करा,” मिस्त्री ओरडले. “नाहीतर कॅनडाला आमरस करून पाठवावा लागेल.”

पण लवकर कसं करणार? मशीनं नवीन होती. शेठनी दोन्ही मशीनांना हळदकुंकू लावलं, झेंडूची एकेक माळ घातली, उदबत्ती ओवाळली आणि नारळ फोडला. नारळ फोडायला सोयीची जागा म्हणून मिस्त्रींनी लादीचीच कड निवडली. पाणी बर्फावर सांडलं.

“आता फक्त कालाखट्टा आणा,” ते म्हणाले. “काय मॅडम, झकास ना?”

मी गाळ्याच्या दारात उभी होते, हातात पॅड, पेन्सिल आणि शेठचं घड्याळ. मशीनला किती वेळ लागतो ते टिपायचं काम माझं.

आधी लाल. बाबांनी एक मूठ धरली. मिस्त्री समोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दुसरी मूठ धरली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं आणि आवारातले सगळे कावळे उडाले. आजूबाजूच्या गाळ्यांतली माणसं हात पुसत बाहेर आली. स्क्रू बर्फात शिरला, बर्फाचा चुरा कारंज्यासारखा उडाला, मिस्त्रींच्या बनियनमध्ये गेला, त्यांनी एक शब्द उच्चारला जो मला पार्टिशनमुळे आधीच माहीत होता, आणि मी बारापर्यंत मोजते न मोजते तोच कडाड् असा आवाज होऊन लादी मधोमध दुभंगली.

टाळ्या पडल्या. बर्फाचे दोन तुकडे झाले म्हणजे मशीनमध्ये दम आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आपण त्याच बर्फावर उभे असतो तर, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो पेन्सिलीच्या टोकात दाबून ठेवला.

मग पिवळं. उरलेल्या मोठ्या तुकड्यावर. पुन्हा बाबा एका बाजूला, मिस्त्री दुसऱ्या. पण हे मशीन दोन तगड्या माणसांत मावेना. बाबा आपल्याकडे ओढत होते, मिस्त्री आपल्याकडे. ते मधल्यामध्ये थरथरत, नाचत, कधी इकडे कलत, कधी तिकडे. दुप्पट वेळ लागला आणि भोक तिरकं पडलं.

“लागली वाट,” मिस्त्री म्हणाले. “शिलाई मशीन म्हटलं ना मी.”

माझ्या पॅडखाली ती पुस्तिका होती. पान उघडंच होतं. जाड कोट घातलेला एक माणूस, पांढऱ्या पसरट मैदानावर. त्याच्या एका हातात एक मूठ, दुसऱ्या हातात दुसरी. मी पुढचं पान बघितलं. दुसरा माणूस, दुसरा कोट, पुन्हा दोन्ही मुठी स्वतःच धरलेल्या. तिसऱ्या पानावर एक जण उपड्या बादलीवर बसला होता, मशीन बाजूला, गळ भोकात. मी सोळाच्या सोळा पानं शोधली. समोरची मूठ धरणारा माणूस कुठेच नव्हता. एकदा वाटलं, तो फोटो काढत असेल. पण मग पानापानावर तोच कसा फोटो काढेल?

गाळ्यात कोणाला हा प्रश्नच पडला नव्हता. दोन मुठी, म्हणून दोन माणसं. आमच्याकडे शिडी धरायला एक आणि चढायला एक, कपाट हलवायला चार, हातगाडी ओढायला एक आणि ढकलायला एक. ज्याची मशीन विकत घ्यायची ऐपत आहे तो साहेब ते स्वतः खांद्यावर टाकून बर्फातून मैलभर चालेल, हे शेठना सांगितलं असतं तर त्यांनी त्या साहेबाच्या घरच्यांची चौकशी केली असती.

“ते... चित्रात...” मी म्हणाले.

“काय मॅडम?”

चौदा-पंधरा पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले. बाबाही.

“काही नाही,” मी म्हणाले. “वेळ लिहून घेतला.”

जेवणाच्या सुट्टीत शेठ घरी गेले. बाबा आणि बाकीचे गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली डबे उघडून बसले. मी माझा डबा पार्टिशनमागे खात असे. त्या दिवशी डबा बाजूला ठेवून मी पुस्तिका पहिल्यापासून वाचली. मशीन निवडण्यावर एक अख्खं पान होतं. त्यात इंजिनाच्या ताकदीबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी सगळे प्रश्न. ते घेऊन तुम्ही किती लांब चालणार? दिवसात किती भोकं पाडणार? तुमच्याबरोबर कोणी आहे का?

मी उठले. ओढणी कमरेला घट्ट खोचली आणि लाल मशीन उचललं.

उचललं म्हणजे जमिनीपासून वीतभर. चार पावलांत ते माझ्या नडगीवर आपटलं आणि मी ऑइलच्या पिंपाला टेकून उभी राहिले. मग पिवळं घेतलं. गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. पुन्हा गेले. दाराबाहेर पन्नास डिग्री असल्यासारखं ऊन होतं आणि आत मी, कपाळावर कुंकू लावलेलं, गळ्यात झेंडूची माळ असलेलं कॅनडाचं मशीन घेऊन गोठलेल्या तळ्यावर फिरत होते. तिसऱ्या फेरीला मी थोडी वाकून चालले, समोरून वारा येतोय असं समजून.

इथवर झालं ते झालं. पण मग मला आवारातला तो बर्फाचा तुकडा दिसला. अर्ध्याहून कमी उरला होता. शेजारच्या गाळ्यातला पॉवर प्रेस जेवणाच्या सुट्टीतही चालू असे आणि त्याच्या धडधडीत दुसरं काही ऐकू येत नसे. माझ्यासारख्या गप्प मुलीला गुन्हा करायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. माळ काढली, पाय फाकून उभी राहिले, दोरी ओढली. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा ते सुरू झालं आणि माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. दोन्ही मुठी माझ्याच हातात. मी ओढलं नाही, ढकललं नाही, नुसतं सरळ धरलं. ते आपलं आपण खाली गेलं. विटेला लागायच्या आत मी बंद केलं. भोक गोल, सरळ, कडा चाकूनं कापल्यासारख्या.

“मॅडम, मासा लागला का?”

मिस्त्री. त्यांची तंबाखूची डबी लेथवर राहिली होती. माझ्या हातात मशीन, कमरेला ओढणी, चेहऱ्यावर बर्फ. मिस्त्रींनी वाकून त्या भोकातून खालची वीट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आत जाऊन डबी घेतली.

“मी काय बघितलं नाय,” ते म्हणाले आणि निघाले. गेटच्या वळणावर थांबून पुन्हा वळले. “पण सरळ पडलं हां भोक.”

मी बाबांना सांगणार होते. खरंच. पण सुट्टी संपली तेव्हा ते शेठच्या केबिनमध्ये होते आणि दार उघडं होतं. बाबा उभं राहून सांगत होते, लाल का, त्याचा गिअर कसा, त्याचं ओतकाम कसं. हाताच्या पंजानं स्क्रूचा पीळ करून दाखवत होते. गिरणीतल्या गोष्टी सांगताना त्यांचा हात असा फिरायचा. दोन वर्षांत तो फिरलेला मी बघितला नव्हता. शेठ माना डोलावत होते. बाजूच्या गाळ्यातले दोघे दारात उभे राहून ऐकत होते.

लाल लिहून पाठवलं तर काम जाणार, आणि बाबांचं पर्मनंट होणं त्याच्याबरोबर. तिथे जाऊन मी तोंड उघडलं, तर बाबा त्या केबिनमध्ये, त्या दोघांदेखत, पोरीकडून हरणार. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि तिसरा रस्ता शोधला. तो माझ्या टेबलावरच होता. त्यात नुकतीच नवी रिबन घातली होती.

“लिख बेटा,” शेठनी पत्र सांगायला सुरुवात केली. “डिअर सर. आमच्या अनुभवी इंजिनियरने दोन्ही मशीन चालवून बघितली.” बाबा दाराशी होते. इंजिनियर या शब्दावर त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. “आणि लाल सिलेक्ट केली. कारण नंबर एक, वजनदार आहे. दोन, मजबूत आहे. तीन, दोन माणसांना आरामात पकडता येते. लिहिलं?”

“लिहिलं,” मी म्हणाले. पॅडवर खरंच लिहिलं होतं.

टाइप करताना मी इंजिनियरपर्यंत शेठच्या बरोबर राहिले. त्यापुढे आमचे रस्ते वेगळे झाले. मी लिहिलं की आमच्या इंजिनियरनी पिवळं निवडलं आहे. कारण तुमच्या तळ्यावरचा माणूस एकटा असतो, दोन्ही मुठी त्यालाच धरायच्या असतात, आणि दिवस मावळायच्या आत हेच मशीन घेऊन त्याला घरी परत चालत जायचं असतं. दमलेल्या माणसाला ते जितकं हलकं तितकं बरं. लाल मशीन दोघांनी धरलं तर उत्तम चालतं, पण तुम्ही बरोबर दुसरा माणूस विकत नाही. हे शेवटचं वाक्य लिहून मी स्वतःशीच हसले. शाळेत अकरा वर्षं इंग्रजी निबंध लिहिले, गाय, पावसाळा, माझी आवडती शिक्षिका, पण आपल्याला वाटतं ते इंग्रजीत लिहायची माझी ही पहिलीच खेप. कार्बन लावून फाइलची प्रतही काढली. गुन्हा करायचा तर रीतसर.

शेठना इंग्रजीतले आकडे आणि पेमेंट हा शब्द वाचता येत असे. पत्रात दोन्ही नव्हते. त्यांनी कागद लांब धरून वरपासून खालपर्यंत आदरानं बघितला.

“बरोबर लिहिलं ना?”

“एकदम बरोबर लिहिलंय,” मी म्हणाले.

त्यांनी झोकात सही केली. मी पाकीट इतक्या घाईनं चिकटवलं की डिंक बोटांना लागला. “रजिस्टर एअरमेलनं टाका. दोघं जा. फॉर्म इंग्रजीत असतो,” शेठ म्हणाले. मिस्त्री लेथवरून बघत होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसत्या भुवया उडवल्या.

पोस्टापर्यंतच्या रस्त्यावर बाबा पाकीट हातात धरून चालत होते. घामानं पत्ता पुसू नये म्हणून दोन बोटांत, शरीरापासून लांब. साडेचारचं ऊन होतं. ते मधूनच माझ्याकडे बघत आणि पुन्हा समोर.

“इंजिनियर लिहिलंस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“हो. शेठनी सांगितलं तसं.”

“इंग्रजीत कसं दिसतं ते?”

“चांगलं दिसतं.”

“आईला आज नको सांगू. काम आलं की मी सांगेन.”

पोस्टात रांग होती. आमच्यापुढे सहा जण, खिडकीत चष्मा लावलेल्या एक बाई, वर एक पंखा जो फक्त त्यांच्यासाठी फिरत होता. मी फॉर्म भरला. बाबांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “रांग मोठी आहे. सांग ना सगळं पत्र. मराठीतनं. पहिल्यापासून.”

आयुष्यात मी इतक्या लोकांना इतकी पत्रं वाचून सांगितली होती. हे तर मला पाठ होतं. वाटेल ते सांगता आलं असतं. जगात कोणाला कळलं नसतं.

“महाशय,” मी सुरू केलं. “आमच्या अनुभवी इंजिनियरनी दोन्ही मशीनं स्वतः चालवून बघितली.”

“हं.”

“आणि दोन्हींचा नीट विचार करून त्यांनी...”

“लाल निवडलं,” बाबांनीच वाक्य पुरं केलं आणि पुढे सरकले.

आणि तेव्हा, पोस्टाच्या रांगेत, तीन माणसं पुढे असताना, मला माझ्या बेतातली ती गोष्ट दिसली जी टाइप करताना दिसायला हवी होती. काम आलं, तर ते पिवळ्याचं येणार. स्क्रू पिवळ्याचे कापायचे, पाती पिवळ्याची घासायची. शेठ कॅनडाचं पत्र हातात घेऊन विचारणार, हे काय, आणि बाबा लेथसमोर सगळ्यांमध्ये उभे असणार, ज्याचं उत्तर त्यांना माहीत नाही असा प्रश्न घेऊन. मी त्यांना त्या केबिनमधून वाचवलं होतं आणि त्याहून मोठ्या खोलीत नेऊन उभं केलं होतं.

दोन माणसं पुढे. एक माणूस.

“बाबा,” मी म्हणाले. “मी पिवळं लिहिलंय.”

ते वळले. रागावले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर नुसती काळजी आली, मला ताप आला की येते तशी.

“चुकून?” त्यांनी विचारलं.

पळून जायला रस्ता त्यांनी स्वतःच करून दिला होता. हो म्हटलं की झालं. गाळ्यात परत जायचं, नवा कागद घालायचा, लाल टाइप करायचं.

खिडकीतल्या बाईंनी हात बाहेर काढला. “अहो, पाकीट देताय का? मागे लोक उभे आहेत.”

बाबांनी पाकीट दिलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते. मी डिंक लागलेली बोटं ओढणीला पुसली आणि बोलले, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा फारच मोठा निघाला, मागची सगळी रांग ऐकेल एवढा:

“मुद्दाम लिहिलंय. तिकडे माणूस एकटा असतो, बाबा, समोरची मूठ धरायला कोणी नसतं. लाल मला चार पावलंसुद्धा नेता आलं नाही आणि पिवळं मी एकटीनं चालवलं, जेवणाच्या सुट्टीत, मिस्त्रींना विचारा. तुमचं चुकलंय. आता ते पाकीट त्यांना द्या, नाहीतर इथेच फाडा, पण काय ते तुम्ही ठरवा.”